नीतिमत्ता समिती की अवयवदान कक्ष? नागपुरात इंटर्नशिप निवडताना

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा एम्स: माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या संस्थात्मक नीतिमत्ता समितीचं काम बहुतेक कागदावरचं. नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार समितीत किमान सात सदस्य लागतात, बैठकीचा कोरम (किमान हजेरी) पाचांचा. इंटर्नच्या वाट्याला येते ती संमतीपत्रांची तपासणी. आवृत्ती क्रमांक आणि तारीख प्रोटोकॉलशी, म्हणजे संशोधनाच्या मंजूर आराखड्याशी, जुळते का? अंगठा असेल तिथे निःपक्ष साक्षीदाराची सही आहे का? साक्षीदार म्हणून संशोधकाच्याच टीममधली नर्स उभी केली जाते, ही नेहमीची चूक. गंभीर दुष्परिणामाची खबर संशोधकाने २४ तासांत द्यायची, तेव्हा फाइलवरची वेळही बघावी.

अवयवदान समन्वयाचं काम आयसीयूच्या दारात चालतं. मेंदूमृत्यूच्या (मेंदूचं काम कायमचं थांबलं, ठोके मात्र यंत्राच्या आधारे चालू) दोन चाचण्या, मध्ये किमान सहा तास, चार डॉक्टरांचं पॅनल. प्रत्यारोपण करणारा सर्जन त्यात चालत नाही. दुसऱ्या चाचणीआधी नातेवाइकांकडे दानाचा विषय काढला की विश्वास गेलाच. "मॉनिटरवर ठोके दिसतात ना, मग गेले कसे म्हणता?" या प्रश्नाला उत्तर डॉक्टरांनी द्यायचं, इंटर्नने ऐकायचं, बोलायचं नाही. विदर्भातल्या अवयववाटपाचं काम झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती) नागपूर पाहते, त्यामुळे प्रतीक्षायादीतला न्याय कसा ठरतो तेही इथे कळतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर समितीच घ्या. गोपनीयतेच्या करारावर सही करूनच फाइलला हात लावा. अवयवदान कक्ष क्लिनिकल पोस्टिंगनंतर बरा. तिथे केस कधी येईल सांगता येत नाही, रात्रीअपरात्री निघावं लागतं.