दोन स्क्रीन की एकच? गुळाच्या अडत दुकानातला अनुभव

नवख्यासाठी सोपी आणि मुरलेल्यासाठी पूर्ण अशा दोन स्क्रीन द्याव्यात, की एकीतच दोघांचं भागवावं? कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गूळ अडत्यासाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर करताना मी दोन्ही करून पाहिलं.

दोन स्क्रीन पहिल्या दिवशी सरस ठरतात, हे खरंच. कॅरल आणि कॅरिदर्स या संशोधकांनी १९८४ मध्ये आयबीएमच्या डिस्प्लेरायटर या मजकूर टाइप करायच्या संगणकावर नवशिक्यांसाठी अवघड सोयी बंद ठेवून पाहिल्या, तर माणसं चुकांत कमी अडकली आणि लवकर शिकली. आमच्याकडेही नव्या पोरानं आल्या दिवशी रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर भरून पट्टी काढली.

घोटाळा पुढं झाला. संगणक एक, माणसं दोन. सौदे आटोपले की पट्ट्यांची झुंबड. पोरगं सोपी स्क्रीन तशीच ठेवून गोदामात जायचं आणि दिवाणजीमामा खुर्चीत बसायचे. त्यांची नजर वहीवर, बोटं कीबोर्डवर. पूर्ण स्क्रीनवर दरानंतर एंटर दाबला की हमालीचा रकाना यायचा. सोपीवर थेट पट्टी छापली जायची. हमाली राहून गेलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात! "अरं, काल हितंच हुती की हमाली, आज कुटं गेली?" अख्खा हंगाम मी हेच ऐकलं. मामा वीस वर्षांच्या सवयीनं बरोबरच कळ दाबत होते. एंटरचे दोन अर्थ मी केले होते.

आता एकच स्क्रीन आहे. उचल, तूट असे क्वचित लागणारे रकाने 'इतर कपात'खाली मिटलेले असतात, पण त्यांची कळ कायम चालते. प्रत्येक नावाशेजारी त्याची कळ लिहिलेली. पोरगं माउसनं काम करताना ती रोज वाचत गेलं, आणि दोनेक महिन्यांत माउस बाजूला पडला. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००७ मध्ये मेनू काढून रिबन, म्हणजे वरची बटणांची रांग, आणली, तेव्हाही ऑल्टच्या जुन्या कळा बऱ्याच अंशी चालू ठेवल्या होत्या. सवयीच्या हाताला तेवढा मान द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

एका स्क्रीनला पहिला आठवडा जड जातो, नवख्याशेजारी बसावं लागतं. कामच वेगळं असेल, जसं विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये साधं आणि सायंटिफिक, तर दोन स्क्रीन शोभतात. प्रत्येकाचा संगणक स्वतंत्र असेल तरीही कदाचित चालतील.

सध्या दुसऱ्या एका दुकानाचं काम हातात आहे. तिथं संगणक दोन आहेत, तरी सुरुवात मी एकाच स्क्रीननं केलीय.