जाड बॉक्स की सीडी फोल्डर? डीव्हीडी जपणाऱ्यांसाठी

नवी डीव्हीडी किंवा ब्लू-रे घेतलीत की बॉक्सचा पुढचा भाग अंगठ्यानं हलकेच दाबून पाहा. कागद आत दबला, तर मागं प्लास्टिक नाही, नुसती भोकं आहेत. हा 'इको' बॉक्स. त्यात प्लास्टिक वाचतं, वजन घटतं, हे मान्य. पण बॉक्स हातात पिळला जातो, इनलेवर, म्हणजे बॉक्सवरच्या छापील कागदावर, बोटांचे खळगे उमटतात, आणि गठ्ठ्यात खाली सापडला तर त्याचं झाकण वाकून डिस्कला टेकू शकतं. शिवाय बॉक्सच्या मधल्या एकाच खुंटीवर दोन-तीन डिस्क चढवायची पद्धत आलेली आहेच. ती कुणाच्या सोयीची, ग्राहकाच्या तर नक्की नाही.

आपल्याकडं ही घसरण एकदम झाली नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा घरोघरी संग्रह तयार झाले. त्या भावात बॉक्सकडं कोण बघणार? आता ती कंपनी नाही, डिस्कचं दुकान शोधावं लागतं, आणि पुष्कळ मराठी चित्रपटांची बरी प्रत म्हणजे घरातली तीच जुनी डिस्क. म्हणून आता ती ठेवायची कशात, हा प्रश्न खरा. सरळ मार्ग दोन: सगळं भोकं नसलेल्या जाड बॉक्समध्ये हलवायचं, नाहीतर बॉक्स काढून टाकून फोल्डरात लावायचं. दोन्ही वापरून झालं आहे. माझा कल कुठं आहे ते पुढं दिसेलच, पण फोल्डरवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

त्यांची बाजू आधी. १४ मिलिमीटर जाडीचे बॉक्स तीन फुटी फळीवर साधारण ६५ बसतात. तीनशे डिस्क असतील तर अशा पाच फळ्या लागतात, म्हणजे एक अख्खं कपाट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये डिस्कसाठी कपाट मागणं म्हणजे घरात वाद ओढवून घेणं. फोल्डरात तेवढ्याच डिस्क एका कप्प्यात मावतात. इनलेचं काय, तर त्याचीही सोय आहे. डीव्हीडीचा इनले २७३ बाय १८३ मिलिमीटरचा असतो, तो न दुमडता ए-फोरच्या पारदर्शक फाइल पाऊचमध्ये जातो. एका पाऊचमध्ये पाठीला पाठ लावून दोन ठेवले की दोन्हीकडून वाचता येतात. खरं सांगायचं तर इनलेचे रंग असेच जास्त टिकतात, कारण फाइल बंद असते आणि ऊन लागत नाही.

फोल्डर घेताना दोन गोष्टी बघा. उघडल्या उघडल्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी प्लास्टिक. त्यातलं मऊ करणारं रसायन काही वर्षांनी बाहेर येतं आणि डिस्कवर तेलकट धूसर थर बसतो. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे पाऊच घ्या, त्यांना वास येत नाही. दुसरं म्हणजे आतलं नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता दाबून केलेलं, कापड. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांच्या मधोमध असतो, त्यामुळं ती सोसते. ब्लू-रेमध्ये तो थर पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असतो. फोल्डर गच्च भरून आडवा ठेवला की कापडाचा पोत डिस्कवर उमटतो आणि चित्र मध्येच अडकतं. ओरखडा दिसत नाही म्हणून लोक प्लेअरला दोष देतात. तेव्हा ब्लू-रे फोल्डरात नकोच. डीव्हीडी ठेवायच्याच असतील तर फोल्डर पाऊण भरा आणि उभा ठेवा.

आता जाड बॉक्स. त्याची जाडी, मजबुती, फळीवर दिसणारा रुबाब या सगळ्यांपेक्षा माझ्या लेखी एकच गोष्ट महत्त्वाची: मधली पकड. सगळं घोडं तिथंच अडतं.

डिस्कच्या मधलं भोक १५ मिलिमीटरचं असतं. चांगल्या बॉक्समध्ये मधे एक बटण असतं. ते अंगठ्यानं दाबलं की पाकळ्या आत मिटतात आणि डिस्क आपसूक वर येते. स्वस्त बॉक्समध्ये पाकळ्या ताठ असतात, बटण नावालाच. मग माणूस डिस्कची कड धरून ओढतो, डिस्क वाकते, आणि ताण नेमका भोकाच्या कडेला येतो. चीर तिथूनच सुरू होते. आधी केसाएवढी, पारदर्शक भागात. मग प्रत्येक वेळी ओढताना थोडी पुढं सरकते. डीव्हीडीतली माहिती केंद्रापासून २४ मिलिमीटरवर सुरू होते. चीर तिथं पोचली की सुरुवातच वाचली जात नाही, आणि मग पुढचं सगळं शाबूत असूनही उपयोग नाही. चीर गेलेली डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये तर मुळीच घालू नका. तो फार वेगानं फिरवतो, डिस्क आतच फुटू शकते. साध्या प्लेअरवर एकदा चालवून रेकॉर्ड करून घेतलेली बरी.

उलटा दोषही तितकाच वाईट. पकड सैल असली की डिस्क प्रवासात सुटते आणि बॉक्सभर घरंगळत राहते. बंद बॉक्स कानाशी धरून हलवा, खुळखुळ ऐकू आली तर समजून जा. यावर चिकटपट्टीचा इलाज करणारे असतात. तो गोंद उन्हाळ्यात पाघळून डिस्कला लागतो. त्यापेक्षा बॉक्स बदला.

एकाच खुंटीवर तीन डिस्कवाला प्रकार मला सर्वांत खटकतो. डिस्कच्या खालच्या बाजूला मध्याजवळ एक बारीक उंचवटा असतो, त्यामुळं रचलेल्या डिस्क एकमेकींना चिकटत नाहीत, हे बरोबर. पण ते फट धुळीपासून मोकळी आहे तोवर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ते जमणं अवघड. आणि तिसरी डिस्क हवी असेल तर वरच्या दोन काढून कुठंतरी ठेवायच्या, बहुतेक वेळा टीपॉयवर पालथ्या. फोल्डरात निदान प्रत्येक डिस्कला आपापला खण मिळतो. फोल्डर इथं जिंकतो, हे कबूल. मात्र प्रत्येक वेळी डिस्क पाऊचमधून घासत बाहेर येते आणि घासत आत जाते. एक वाळूचा कण पुरतो. बॉक्समध्ये डिस्कच्या चालणाऱ्या बाजूला काहीच टेकत नाही. अधूनमधून पाहिल्या जाणाऱ्या डिस्कसाठी मला हाच फरक निर्णायक वाटला.

जाड बॉक्स मिळतात कुठं? लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत आधी विचारा. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत असे जुने स्टुडिओ आहेत. आता सगळे पेनड्राइव्ह देतात, त्यामुळं पडून राहिलेला माल असण्याची शक्यता असते. घेण्याआधी बॉक्स उघडून उजेडासमोर धरा. काळा बॉक्स असेल तर उजेड आरपार दिसता कामा नये. मग घरची एक निरुपयोगी डिस्क सोबत नेऊन ती पाच-सहा वेळा लावून काढा. बटण दाबल्यावर डिस्क वाकल्याशिवाय सुटली आणि बसताना 'टक' असा आवाज आला, तर बॉक्स घ्यायला हरकत नाही.

बदलताना घाई नको. आधी डिस्क बाजूला काढा. जुना बॉक्स पूर्ण उघडून मागं सपाट करा, म्हणजे बाहेरचं पारदर्शक वेष्टन सैल होतं. इनले वरच्या कडेनं सरळ बाहेर ओढा. पावसाळी दमटपणानं तो वेष्टनाला चिकटला असेल तर ओढू नका, शाई सोलून निघते. कोरड्या दिवशी बॉक्स तासभर उघडा ठेवा आणि मग पोस्टकार्डासारखा पातळ कागद मधे सरकवत सोडवा. ७ मिलिमीटरच्या स्लिम बॉक्सचा इनले रुंदीला ७ मिलिमीटरनं कमी असतो. तो जाड बॉक्समध्ये घातल्यावर दोन्ही कडांना साडेतीन मिलिमीटर पट्टी मोकळी राहते आणि कण्यावरचं नाव मधोमध येतं, पण कण्याचा रंग अपुरा पडतो. चालवून घ्यायचं. मागं काळा कागद लावला की नजरेत येत नाही.

व्हीसीडीचं गणित मात्र निराळं आहे. तिच्यात माहितीचा थर वरच्या, छापील बाजूला असतो आणि त्यावर लाखेसारखा पातळ लेप, एवढंच संरक्षण. छापील बाजूवरचा ओरखडा म्हणजे कायमचं नुकसान, पॉलिश करून जाणार नाही. त्यामुळं व्हीसीडी एकावर एक कधीच ठेवू नयेत, आणि तिच्यावर बॉलपेननं नाव लिहू नये. तिला ज्वेल केसच, म्हणजे सीडीची कडक प्लास्टिकची डबीच, बरी. मधल्या पकडीचे दात तुटले असतील तर अख्खी केस बदलू नका, आतला ट्रे तेवढा बदला. काळा ट्रे घ्या. पारदर्शक ट्रे दिसतो छान, पण त्याचं प्लास्टिक ठिसूळ असतं आणि दात लवकर झडतात.

पावसाळ्याचं एक बोलायला हवं. डिस्कसाठी २० ते ५० टक्के आर्द्रता चांगली मानतात, आणि जुलैत कोल्हापुरात ती कुठल्या कुठं जाते. बॉक्सला त्याचा फारसा त्रास होत नाही, फक्त इनले लहरी धरतो. फोल्डरात पापुद्र्यांमध्ये दमट हवा अडकून राहते, म्हणून तो ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या उघडिपीला चाळून काढावा लागतो. यातलं काहीही ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. तळमजल्यावर राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवून खालच्या दोन फळ्या डिस्कसाठी वापरू नका. पुराच्या पाण्यात डिस्क गेलीच तर स्वच्छ पाण्यानं लगेच धुवा आणि मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. डिस्क बहुधा वाचते, कागद वाचत नाही. म्हणून इनले आधीच ३०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवावेत.

सगळा संग्रह एकदम हलवण्याइतके पैसे किंवा जागा नसेल, तर माझ्या मते ब्लू-रे आणि एकाच खुंटीवरचे संच आधी जाड बॉक्समध्ये घ्या, मग ज्या डिस्क ओढून काढाव्या लागतात त्या. ज्या वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही, त्या डीव्हीडी फोल्डरात खुशाल राहू द्या. पुठ्ठ्याच्या घडीतले संच मात्र वेगळे. त्यांचा पुठ्ठा फेकवत नाही, आणि डिस्क पुठ्ठ्याच्या खाचेतून काढताना रोज घासली जाते. त्यावर उपाय म्हणजे डिस्क चार डिस्कवाल्या जाड बॉक्समध्ये ठेवायच्या आणि पुठ्ठा रिकामाच त्याच्या शेजारी उभा करायचा. असे बॉक्स २२ मिलिमीटरच्या आसपास जाड असतात, आणि त्यात मधलं पान उलटणारं असेल तर त्याची बिजागरी घेण्याआधी दोनदा उघडमिट करून बघा. तुटते ती तिथंच.