इस्ट्रोजेन रिसेप्टरची तपासणी: किरणोत्सारी मापन की आयएचसी?

स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन संप्रेरक पकडणारी प्रथिने, आहेत की नाहीत, हे पूर्वी ताजी गाठ गोठवून, वाटून, तिच्या अर्कात किरणोत्सारी इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मिसळून मोजत. दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती फेमटोमोल (रेणू मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक), असा नेमका आकडा हाती येई. आकडा मोहक खरा, पण वाटणात कर्कपेशींबरोबर निरोगी पेशीही जात असल्याने तो नेमका कोणाचा, हे कळत नसे. शिवाय हे रिसेप्टर अडवणारे टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर रिसेप्टर औषधानेच व्यापलेले असल्याने निकाल फसवा निघू शके.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे आयएचसी, फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेल्या गाठीच्या ब्लॉकमधून घेतलेल्या सुमारे ४ मायक्रॉनच्या कापावर होते; त्यात रिसेप्टरला चिकटणारे प्रतिपिंड वापरून रंग आणतात. रिसेप्टर असलेली केंद्रके तपकिरी दिसतात, नसलेली निळी, आणि शेजारच्या निरोगी नलिकेतल्या तपकिरी पेशी आयताच ताळा देतात. १ टक्का केंद्रके रंगली तरी अहवाल ‘पॉझिटिव्ह’. २०२० पासून १ ते १० टक्क्यांची नोंद ‘लो पॉझिटिव्ह’ अशी वेगळी होते. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावची माणसे पिशवीतून ब्लॉक घेऊन येतात, ते आयएचसीला मेणाचा ब्लॉक पुरतो म्हणूनच जमते. गोठवलेली गाठ लोकलने आणणार कशी? माझा कौल आयएचसीलाच आहे. मात्र गाठ फॉर्मॅलिनमध्ये ६ तासांहून कमी राहिली, तर उत्तम प्रतिपिंड वापरूनही खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.