मेलचिंप सोडून लिस्टमंकवर जाताना

न्यूजलेटरचे वर्गणीदार दोन-तीन हजारांच्या पुढे गेले की ते पाठवणाऱ्या मेलचिंप या सेवेचं मासिक बिल बोचायला लागतं. त्यात एक मेख अशी, की ज्यांनी 'नको' म्हणून नाव काढून घेतलं तेही तुम्ही अर्काइव्ह करेपर्यंत मोजणीत धरले जातात. उठून गेलेल्या पाहुण्याच्याही ताटाचे पैसे!

लिस्टमंक हा यावरचा आपल्याकडचाच पर्याय. शेअर दलाली करणाऱ्या झीरोधाचे तंत्रप्रमुख (सीटीओ) कैलाश नाध यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे आणि वापरायला फुकट. एक बायनरी (थेट चालणारी) फाइल आणि माहिती साठवायला एक पोस्टग्रेस डेटाबेस एवढाच त्याचा संसार, १ जीबी रॅमच्या साध्या सर्व्हरवर निभावतं. मात्र ते स्वतः टपाल नेत नाही. यादी सांभाळणं, मजकूर साच्यात बसवणं, कोणी काय उघडलं याचा हिशेब ठेवणं हे लिस्टमंकचं काम. पत्रं पोचवायला वेगळी एसएमटीपी (मेल पाठवण्याची) सेवा जोडावी लागते. बहुतेक जण ॲमेझॉनची एसईएस जोडतात. तिचा दर हजार मेलला १० सेंट. म्हणजे ३,००० वर्गणीदारांना महिन्याला चार अंक पाठवले तर १२,००० मेल, आणि टपालखर्च सव्वा डॉलरच्या आत, वर जीएसटी. सर्व्हरचं भाडं वेगळं, पण ते वर्गणीदार वाढले म्हणून वाढत नाही.

काय मिळत नाही तेही आधीच बघून घ्या. गूगलने २०२१ मध्ये फीडबर्नरची ई-मेल सेवा बंद केल्यापासून 'लेख प्रकाशित झाला की मेल आपोआप जावी' एवढंच हवं असलेले बरेच जण पर्याय शोधताहेत. लिस्टमंकमध्ये ती सोय अंगची नाही. दर अंक हाताने लावावा लागतो, नाहीतर एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने लिस्टमंकला हुकूम देण्याची सोय) वापरून स्वतः जुळवाजुळव करावी लागते. नव्या वर्गणीदाराला पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी ठरलेली पत्रं पाठवणारी मालिकाही नाही. याच दोन गोष्टींवर तुमचं काम चालत असेल तर बटनडाउनसारखी न्यूजलेटर सेवा बरी.

उभारणी अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण सुरुवात एसईएसपासून करा, कारण तिथे वाट बघावी लागते. नवं खातं सँडबॉक्समध्ये असतं: २४ तासांत २०० मेल, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. त्यात 'आम्हाला ई-मेल पाठवायचे आहेत' एवढंच लिहिलं तर उलट प्रश्न येतात. वर्गणीदार कुठून आले, महिन्याला किती मेल जाणार, परतलेल्या मेल आणि तक्रारींचं काय करणार, हे चार ओळींत स्पष्ट लिहा.

दरम्यान डोमेनचं बघा. डीकेआयएमसाठी, म्हणजे मेल खरंच तुमच्या डोमेनकडून आली हे सिद्ध करणाऱ्या सहीसाठी, एसईएस तीन सीनेम नोंदी देते. त्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) चिकटवताना हमखास होणारी चूक म्हणजे डोमेनचं नाव दोनदा लागणं. पुष्कळ पॅनेल नोंदीच्या नावापुढे डोमेन आपणहून जोडतात, आणि आपण पूर्ण नाव टाकलेलं असतं. मग पडताळणी दोन दिवस 'पेंडिंग' राहते आणि दोष एसईएसला जातो. एसपीएफ (तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं) आणि डीमार्क (तोतया मेलचं काय करायचं) यांच्या नोंदीही याच वेळी उरकून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तर एका क्लिकवर नाव काढण्याची सोयही सक्तीची आहे. प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता अजिबात वापरू नका. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून आलेलं जीमेलचं पत्र तोतया ठरतं.

एसएमटीपीचा पासवर्ड एसईएसच्या पानावर वेगळा तयार करावा लागतो, एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची) नेहमीची ॲक्सेस की तिथे चालत नाही. तरीही जोडणी 'टाइमआउट' होत असेल तर पोर्ट तपासा. काही सर्व्हर कंपन्या २५, ४६५ आणि ५८७ हे पोर्ट बंद ठेवतात. एसईएस २५८७ वरही ऐकते, तो टाकून बघा.

लिस्टमंकच्या सेटिंगमध्ये सगळ्यात पहिल्यांदा रूट यूआरएल, म्हणजे लिस्टमंकचा स्वतःचा वेबपत्ता, बदला. मुळात तिथे लोकलहोस्टचा पत्ता असतो. तो तसाच राहिला तर अंक व्यवस्थित जातो, पण त्यातली 'नाव काढा' ही लिंक वाचकाच्याच संगणकाकडे बोट दाखवते. नाव काढता न आलेला वाचक मग 'स्पॅम' दाबतो. दुसरी गोष्ट वेगाची. मूळ सेटिंगमध्ये १० कामगार (एकाच वेळी मेल पाठवणाऱ्या प्रक्रिया) आणि प्रत्येकी सेकंदाला १० मेल, म्हणजे सेकंदाला १०० पर्यंत. एसईएसची तुमची मर्यादा सेकंदाला १४ असेल तर मधल्या मेल नाकारल्या जातात, चुका साचतात आणि ठरावीक संख्येनंतर मोहीम (त्या अंकाची पाठवणी) आपोआप थांबते. कामगार २ आणि दर ६ ठेवा. सेकंदाला १२ ने ३,००० मेल पाच मिनिटांच्या आत जातात.

परतलेल्या मेलचा हिशेब इथे तुम्हालाच लावायचा आहे. मेलचिंप हे काम मुकाट्याने करतं म्हणून त्याचं महत्त्व कळत नाही. एसएनएस या ॲमेझॉनच्या सूचना-सेवेत टॉपिक करून एसईएसच्या बाउन्स (परतलेल्या मेल) आणि तक्रारी लिस्टमंकच्या वेबहुककडे, म्हणजे अशा सूचना घेणाऱ्या पत्त्याकडे, वळवा आणि लिस्टमंकमध्ये बाउन्स प्रक्रिया चालू करा. हार्ड बाउन्स (पत्ताच बाद असल्याने परतलेली मेल) एकदा आला की पत्ता 'ब्लॉकलिस्ट' या काळ्या यादीत, हे मूळचं सेटिंग योग्य आहे, हलवू नका. बाउन्सचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की एसईएस खातं तपासणीखाली घेते आणि १० टक्क्यांवर पाठवणंच थांबवू शकते. तक्रारींसाठी हेच आकडे ०.१ आणि ०.५ टक्के. जुन्या, धूळ खात पडलेल्या यादीला ५ टक्के ओलांडायला एक अंक पुरतो.

आता खरं स्थलांतर. मेलचिंपमधून यादी उतरवली की एक झिप मिळते आणि तीत वेगवेगळ्या सीएसव्ही (तक्त्याच्या साध्या मजकूर) फाइली असतात: चालू वर्गणीदार, नाव काढलेले आणि 'क्लीन्ड', म्हणजे मेल परत येणारे. लोक पहिली फाइल घेतात आणि बाकीच्या तिथेच सोडतात. गाडी इथेच घसरते. चालू यादी आधी चढवा, मग उरलेल्या दोन फाइली 'ब्लॉकलिस्ट' पर्याय निवडून चढवा, आणि हे होईपर्यंत एकही मेल पाठवू नका. कारण जुन्या वह्यांतून, फॉर्ममधून, कुणाच्या एक्सेलमधून आणखी पत्ते पुढे येतच राहतात. ज्याने दोन वर्षांपूर्वी नाव काढलं त्याला पुन्हा अंक गेला तर तो माफ करत नाही.

चढवण्याआधी पहिल्या ओळीतले मथळे इंग्रजी लहान अक्षरांत 'ईमेल' (email) आणि 'नेम' (name) असे करायचे. पण त्यासाठी फाइलवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडू नका. देवनागरी नावांचा कचरा होतो, आणि सेव्ह केलं की तो कायमचा. 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट फाइल आयात करून ६५००१ यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडा, किंवा गूगल शीट्समध्ये काम करा. यादी 'डबल ऑप्ट-इन' प्रकारची, म्हणजे वर्गणीदाराने मेलवरून पुन्हा होकार द्यायचा अशी, असेल तर आयात करताना सदस्यत्वाची स्थिती 'कन्फर्म्ड' ठेवा. ते राहिलं तर ३,००० नावं दिसतात, मोहीम 'पूर्ण' दाखवते आणि गेलेल्या मेल असतात शून्य.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा. जीमेल साधारण १०२ केबीनंतर पत्र कापतं आणि 'पूर्ण संदेश पाहा' अशी लिंक देतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी वेगळे ३. म्हणजे 'मी' लिहायला ६ आणि 'कीर्ती'ला १८. हजार शब्दांचा लेख २० केबीच्या आसपास जातो, पण अंकात असे चार-पाच लेख घातले की मर्यादा गाठलीच. कापला जातो तो शेवट, आणि शेवटी असते 'नाव काढा'ची लिंक. लांब अंकात लेखाचा सुरुवातीचा भाग देऊन पुढचा संकेतस्थळावर ठेवा, किंवा ती लिंक वरही एकदा द्या.

पहिला अंक सगळ्यांना एकदम पाठवू नका. गेल्या तीन महिन्यांत अंक उघडणाऱ्यांपैकी २००-३०० जणांपासून सुरुवात करून आठवडाभर आकडा वाढवत न्या. हे लोक कोण, ते मेलचिंपमध्येच निवडून वेगळी यादी उतरवून ठेवा. खातं बंद झाल्यावर हा इतिहास मिळत नाही. आयफोनचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवू शकतं, त्यामुळे 'उघडलं' या आकड्यावर फार विसंबू नका, क्लिक करणारे जास्त भरवशाचे.

मेलचिंपचं खातं महिनाभर तरी चालू राहू द्या. लोकांच्या इनबॉक्समध्ये पडलेल्या जुन्या अंकांतल्या 'नाव काढा' लिंक अजून तिकडेच जातात. महिन्याने तिथली नाव काढलेल्यांची फाइल पुन्हा उतरवा, लिस्टमंकमध्ये ब्लॉकलिस्टला चढवा, आणि मगच खातं बंद करा.