समोरच्या ब्रेकचे पॅड आणि डिस्क घरी बदलल्यानंतरचे नऊ महिने

गेल्या फेब्रुवारीत, नागपुरात सकाळी अजून स्वेटर लागत होता तेव्हा, मी माझ्या दहा वर्षे जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, आणि त्यांना दोन्हीकडून दाबून गाडी थांबवणारे पॅड मनीषनगरमधील घराच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलले. आता नोव्हेंबर चालू आहे आणि त्या दिवसापासून गाडी ११,२०० किलोमीटर चालली आहे. त्यातील बहुतेक अंतर वर्धा रोडने बुटीबोरीला रोज जाण्यायेण्याचे असून, ऑगस्टमधील चिखलदऱ्याची एक फेरी त्यात आहे. पॅड आणि डिस्क कोणत्या कंपनीचे आहेत, हे मी मुद्दामच लिहीत नाही. कारण नऊ महिन्यांत मला जे बरेवाईट अनुभवाला आले, त्याचा संबंध डब्यावरील नावाशी फारसा नव्हता, तर मी स्वतः काय नीट केले आणि कुठे आळस केला याच्याशी होता.

बदलण्याचे कारण सांगतो. ताशी ८० च्या वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरत असे आणि स्टिअरिंगही हलत असे. दोन वर्षांपूर्वी याच तक्रारीवर एका गॅरेजमध्ये डिस्क लेथवर घासून घेतल्या होत्या. तेव्हा थरथर गेली आणि सहा-सात महिन्यांत परत आली. या खेपेस व्हर्नियरने मोजले, तर डिस्कची जाडी १९.८ मिलिमीटर भरली. डिस्कच्या कडेवरच किमान जाडी कोरलेली असते आणि माझ्या डिस्कवर ती २० मिलिमीटर होती, म्हणजे पुन्हा लेथवर नेण्याचा प्रश्नच उरला नव्हता. गॅरेजने सामान आणि मजुरी मिळून ८,९०० रुपये सांगितले. मला पॅडचा संच १,६५० रुपयांना, डिस्कची जोडी ४,३०० रुपयांना आणि ब्रेक क्लीनर व सिलिकॉन ग्रीस मिळून ५३० रुपयांना पडले, म्हणजे एकूण ६,४८०. मात्र नट ठरावीक जोराने आवळण्याचा टॉर्क पान्हा, गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि व्हर्नियर यांवर आणखी ४,६०० रुपये गेले. त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी हे काम घरी करू पाहणाऱ्याने पहिल्या खेपेला बचतीची आशा धरू नये. मला ते गॅरेजपेक्षा दोन हजारांनी महागच पडले.

चाक काढणे, मागच्या चाकांना ठोकळे लावणे, गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर टेकवणे, या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात, म्हणून त्यांवर वेळ घालवत नाही. कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, सुटल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला टांगावा आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरच्या तारेला ताण बसू देऊ नये, एवढे मात्र सांगतो. उजवीकडची डिस्क दहा मिनिटांत निघाली. डावीकडची गंजाने हबला, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, अशी धरून बसली होती, की हातोडीच्या ठोक्यांना तिने दाद दिली नाही. डिस्कच्या मधल्या भागात आटे पाडलेली दोन लहान छिद्रे असतात, ती याचसाठी असतात, हे मला त्या दिवशी उमगले. त्यांत योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळत गेल्यावर डिस्क आपोआप पुढे ढकलली गेली. शेजारचे काका फिरून परतताना थांबले आणि म्हणाले, “मिस्त्री नाही भेटला काय जी?” मिस्त्री भेटला असता तर हातोडी अधिक जोरात चालली असती, असे मनात आले, पण बोललो नाही.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे आणि गॅरेजमध्ये हमखास वगळले जाणारे काम म्हणजे हबचा पृष्ठभाग साफ करणे. ब्रेक थरथरू लागला की आपल्याकडे ‘डिस्क वाकली’ असे म्हणण्याची रीत आहे. परंतु बहुतेक वेळा डिस्क उष्णतेने वाकलेली नसते, तर तिची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते. हबवर गंजाची एखादी खपली राहिली, तर डिस्क किंचित तिरपी बसते आणि हबपेक्षा डिस्कचा व्यास जवळपास दुप्पट असल्यामुळे तो तिरपेपणा कडेला तितकाच वाढून दिसतो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही फिरत्या डिस्कचा तोच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला पुसटसा घासतो, तेथे ती झिजत जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागते. दोन वर्षांपूर्वी माझ्या डिस्क लेथवर घासल्या गेल्या, पण हब कोणी घासला नाही आणि सहा महिन्यांनी थरथर परतली, याचा उलगडा मला यातच दिसतो. म्हणून मी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने दोन्ही हब धातू चमकेपर्यंत घासले. एकेका बाजूला चाळीस मिनिटे लागली. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तोही क्लीनरने पूर्ण पुसून काढला. आज ११,२०० किलोमीटरनंतर ताशी १०० वरून ब्रेक दाबला तरी पेडल पूर्णपणे शांत असते. या कामाचे यश पहिल्या दिवशी कळत नाही. ते आत्ता कुठे कळते आहे.

माझी चूक दुसरीकडे झाली. माझ्या गाडीचा कॅलिपर तरंगत्या प्रकारचा आहे. त्याचा पिस्टन एकाच बाजूला, म्हणजे आतल्या पॅडमागे असतो. पिस्टनने आतला पॅड डिस्कवर दाबला की त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. ह्या पिना मोकळ्या सरकल्या नाहीत, तर सगळा भार आतल्या पॅडवर पडतो आणि ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो. पिनांना सिलिकॉनचे ग्रीस लागते, कारण साध्या खनिज ग्रीसने त्यांचे रबर फुगते. हे मला माहीत होते आणि उजवीकडे मी तसेच केले. डावीकडे हब सोडवण्यातच दुपार झाली, ग्रीसची लहान नळी संपली, दुकान रविवारी बंद होते आणि घरात चाकाच्या बेअरिंगच्या ग्रीसचा डबा होता. एका दिवसाने काय बिघडते, असे म्हणून मी ते लावले आणि पुढे ते पुसून पुन्हा योग्य ग्रीस लावायचे राहूनच गेले.

पहिले तीन महिने काहीही जाणवले नाही. ब्रेक उत्तम लागत होते. नवे पॅड बसवल्यानंतरच्या रविवारी पहाटे मिहानच्या रिकाम्या रस्त्यांवर ताशी ५० वरून १० पर्यंत, मध्ये पूर्ण न थांबता, दहा वेळा वेग उतरवला होता आणि मग ब्रेक न दाबता गाडी काही किलोमीटर चालवून थंड होऊ दिली होती. पॅडच्या द्रव्याचा एकसारखा थर डिस्कवर बसावा म्हणून हे करावे लागते. सुरुवातीला थोडा जळका वास आला, तो त्याच दिवशी गेला.

मेच्या मध्यावर मात्र बुटीबोरीला पोहोचल्यावर डाव्या चाकाजवळ हात नेला, की उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त धग लागू लागली. नागपूरच्या मेमध्ये गाडीचा प्रत्येक भागच तापलेला असतो, त्यामुळे आठवडाभर मी ते उन्हावर ढकलले. परंतु ऊन दोन्ही चाकांना सारखेच लागत होते. शेवटी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी सहाला, चाके खोलली. आठनंतर उन्हातला पान्हा हातात धरवत नव्हता. पॅडचे घर्षणद्रव्य नवे असताना दहा मिलिमीटर होते. ४,८०० किलोमीटरनंतर उजवीकडे बाहेरचा पॅड ९.२ आणि आतला ९.१ भरला, म्हणजे झीज अगदी सारखी होती. डावीकडे बाहेरचा ९.३, पण आतला ८.१. खालच्या पिनेच्या टोकावरील रबर फुगून आपल्या भोकात घट्ट बसले होते आणि पिन हाताने ओढून निघेना. पिनेचा नवा संच, रबरी टोपणांसह, २८० रुपयांना मिळाला. जुने ग्रीस पूर्ण पुसून, या वेळी भरपूर सिलिकॉन ग्रीस आणून, मी ते काम पुन्हा केले. ज्या पिनेवर रबर असते ती वर जाते की खाली, हे गाडीगणिक बदलते, म्हणून एका वेळी एकच बाजू खोलावी आणि दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच ठेवावी.

चिखलदऱ्याचा घाट हीच खरी परीक्षा ठरली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याकडे उतरताना सातशे मीटरच्या आसपास उतार पार करावा लागतो. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,३०० किलो मानले, तर या उतारात जी ऊर्जा कुठे तरी मुरवावी लागते ती ताशी १०० च्या वेगातून सतरा-अठरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी भरते. इंजिनाने आणि वाऱ्याने त्यातला वाटा उचलावा म्हणून मी गाडी बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच उतरवली. पावसात, धुक्यात, वळणावळणाला ब्रेक लावूनही पेडल खोल गेले नाही आणि पायथ्याशी दोन्ही चाकांची धग सारखी होती. पिना दुरुस्त केल्या नसत्या तर मी तशाच गाडीने त्या घाटात कुटुंबाला घेऊन गेलो असतो, ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

घाटाआधी ब्रेक ऑइल मात्र मी गॅरेजमधून बदलून घेतले. हे ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो: डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलसाठी किमान २०५ अंश सेल्सिअसची अट असते, तर ओलावा मुरलेल्यासाठी १४० ची. पॅड-डिस्क बदलताना तेलाची वाट उघडावी लागत नाही, म्हणून ते काम घरी करण्याचे धाडस मी केले. ऑइल बदलल्यावर नळ्यांतली हवा काढण्याचे काम माझ्या सोयीच्या पलीकडचे आहे. नव्या जाड पॅडना जागा करायला पिस्टन मागे दाबताना टाकीतील ऑइल वर चढते, ते सांडून रंगावर पडले तर रंग जातो, एवढे बघितले म्हणजे झाले. काम संपल्यावर गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहणे मी मुलाकडे सोपवले होते आणि ‘बाबा, आता कडक झाले’ असे त्याने म्हटल्याशिवाय किल्ली फिरवली नाही.

आवाजाविषयी लिहायचे तर पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज धरतो आणि सकाळी गल्लीतून बाहेर पडेपर्यंतच्या दोन-तीन ब्रेकना खरखर ऐकू येते. मग ती जाते. हे ओतीव लोखंडाचे लक्षण आहे, दोष नव्हे. गाडी मागे घेताना क्वचित बारीक किंचाळी येते, जी मूळ पॅडना येत नव्हती. रिमवर काळी पूडही जुन्यापेक्षा अधिक बसते. ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी, कारण श्वासात जाण्याजोगी ती वस्तू नाही.

दिवाळीनंतर पुन्हा मोजले. उजवीकडे बाहेरचा ८.२, आतला ८.०, डावीकडे बाहेरचा ८.३, आतला ७.०. पिना बदलल्यापासून डावीकडच्या दोन्ही पॅडची झीज जवळजवळ सारखी, म्हणजे एकाची १.० आणि दुसऱ्याची १.१ मिलिमीटर झाली आहे. डिस्क २१.९ आहे, नवी असताना २२ होती. पॅड तीन मिलिमीटरवर बदलायचे असा माझा नियम आहे. त्या हिशेबाने उजवी बाजू अजून एकोणतीस हजारांच्या आसपास किलोमीटर सहज गेली असती; पण डावीकडचा आतला पॅड तेवीस हजारांवरच संपेल आणि पॅड दोन्ही चाकांचे एकत्रच बदलावे लागतात. एका रविवारच्या आळसाचे सुमारे सहा हजार किलोमीटर मला असे भरावे लागणार आहेत. टॉर्क पान्हा आता वरच्या मजल्यावरचे लोकही मागून नेतात. परवा काकांनी स्वतःच्या गाडीचे चाक बदलल्यावर नट ८५ न्यूटन मीटरला आवळून द्यायला मला बोलावले, तेव्हा मिस्त्रीचा विषय त्यांनी काढला नाही.