एअरब्रश-कॉम्प्रेसर सेट, नऊ महिन्यांनंतर: सहा चाकी टिरेल पूर्ण झाली, पण त्या एका रबरी रिंगबद्दल बोलायलाच हवं

सेट जानेवारीत घेतला, आत्ता ऑक्टोबर संपत आलाय. मधे दोनदा हा रिव्ह्यू लिहायला घेतला होता, एकदा फेब्रुवारीत तेव्हा पाच स्टार देणार होतो आणि एकदा मे महिन्यात, तेव्हा एक पण द्यायची इच्छा नव्हती. दोन्ही वेळा अर्धवट ठेवला. आता प्लास्टिकच्या किटमधून बनवलेली ही मॉडेल गाडी पूर्ण होऊन काचेच्या कपाटात गेलीये, डोकं शांत आहे, म्हणून सगळं लिहितो.

सेट कुठला ते ओळखालच, सगळीकडे तोच फिरतोय, फक्त डब्यावरचं नाव बदलतं. टाकी नसलेला छोटा कॉम्प्रेसर, ०.३ मिमी नोझलची डबल ॲक्शन गन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), वरती कप, होजपाईप, मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा). मला ३,४०० ला पडला. त्याआधी मी सगळ्या गाड्या स्प्रे कॅननेच मारायचो, आणि कॅनचा हिशोब ज्याने केलाय त्याला माहितीये, एक कॅन सहाशे-सातशेला आणि त्यातला निम्मा रंग खिडकीच्या ग्रिलवर. बाटलीतला रंग पातळ करून गनने मारला तर एका गाडीला कॅनच्या पाव खर्चात काम होतं. म्हणजे सात-आठ गाड्यांत सेट फुकट, हा विचार करून घेतला आणि हा विचार बरोबरच होता, त्यावर मी आजही ठाम आहे.

पहिली गाडी कुठली करायची ते आधीच ठरलं होतं. तामिया कंपनीची १/२० मापातली टिरेल पी३४, टिरेल टीमची फॉर्म्युला वन रेसिंग कार, १९७६ जपान ग्रां प्रीवाली. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण मी या गाडीपायीच एवढा खर्च केला. पुढे चार बारकी चाकं, मागे दोन मोठी. डेरेक गार्डनरचं डिझाइन. तेव्हा बऱ्याच टीमकडे तेच फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन होतं, म्हणजे ताकदीत दुसऱ्याच्या पुढे जायला फारशी जागाच नाही, मग हवा कुठे कमी अडेल ते बघायचं. पुढची चाकं १० इंची रिमची केली की ती रुंद नाकाच्या मागे लपतात, आणि चाक लहान केल्याने रस्त्यावरची जी पकड कमी होते ती भरून काढायला दोनाच्या जागी चार. म्हणजे पुढे ब्रेकपण चार. कागदावर बघितलं तर किती सरळ विचार आहे. आणि तो चाललाही, १३ जून १९७६ ला स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला जॉडी शेक्टर पहिला आणि पात्रिक दपाये दुसरा, दोन्ही सहा चाकी. जिंकली ती एवढी एकच रेस. मागची मोठी चाकं हवेत तशीच उघडी होती त्यामुळे पुढे लपवून जो फायदा मिळायचा तो अपेक्षेएवढा नव्हता, १९७७ ला गाडी जड झाली, त्या छोट्या टायरवरचं कामही मागे पडलं, आणि १९७८ ला टीम परत चार चाकांवर आली. १९८३ पासून तर नियमातच चार चाकं पक्की झाली.

माझी किट फुजीच्या रेसची, २४ ऑक्टोबर १९७६, तीच पावसातली, त्या मोसमातली शेवटची रेस, गुणांत पुढे असलेल्या लाउडाने गाडी पिटमध्ये आणून थांबवली आणि त्याचा प्रतिस्पर्धी हंट एका गुणाने चॅम्पियन झाला ती. दपाये त्या दिवशी दुसरा आला. त्या रेससाठी टिरेलने गाडीवर ड्रायव्हरांची नावं जपानी अक्षरांत लिहिली होती. एका ब्रिटिश टीमने पाहुणी म्हणून गेल्यावर तिथल्या लोकांच्या लिपीत नाव लिहावं, मला ही गोष्ट फार आवडते, आणि किट निवडताना त्या बोटाच्या नखाएवढ्या डेकलवरच (पाण्यात भिजवून चिकटवायच्या स्टिकरवर) जीव अडकला होता.

बिल्डबद्दल जास्त लिहीत नाही, पार्ट एकमेकांत असे बसतात की पुट्टी जवळजवळ लागलीच नाही. दोनच जागी वेळ गेला. एक, कॉकपिटच्या बाजूच्या छोट्या खिडक्या. ड्रायव्हरला आतून पुढची चाकं दिसत नसत म्हणून खऱ्या गाडीला त्या ठेवल्या होत्या, मॉडेलमध्ये त्या पारदर्शक प्लास्टिकच्या आहेत आणि तिथे प्लास्टिक चिकटवायच्या सिमेंटचा एक थेंब जरी जास्त झाला तरी धुरकट होतात, म्हणून मी तिथे पांढरा फेव्हिकॉल वापरला, सुकला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कपड्याने निघतो. दुसरी जागा म्हणजे चाकं. चार चाकी गाडीत एखादं चाक अर्धा मिलिमीटर वर राहिलं तर चटकन लक्षात येत नाही, इथे पुढे प्रत्येक बाजूला दोन चाकं एकामागे एक असल्याने लगेच दिसतं. गाडी काचेवर ठेवायची आणि प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवून ओढून बघायची, सहाही पट्ट्या सारख्या अडकल्या पाहिजेत. माझी डावीकडची दुसरी पट्टी मोकळी निघत होती, सस्पेन्शनचा तो हात सुटा करून परत चिकटवला, रात्रभर वर वहीचं वजन ठेवलं, सकाळी सहाही पट्ट्या अडकल्या.

आता गन. प्रायमर मारला फेब्रुवारीत आणि तेव्हाच मला पाच स्टार द्यायचे होते. टाकी नाही म्हणून हवा ठोके देत येईल ही भीती होती, पण होज लांब असल्याने ते ठोके वाटेतच विरतात, मला तरी जाणवले नाहीत. आवाज मिक्सरपेक्षा कमी. वीस मिनिटं चालवला की कॉम्प्रेसरला हात लावता येत नाही, मग तेवढाच वेळ बंद ठेवायचा, हे चालण्यासारखं आहे. प्रायमर इतका पातळ आणि सारखा बसला की दोन हजार ग्रिटचा वॉटर पेपर फक्त नावाला फिरवला.

मग निळा. ही गाडी म्हणजे तो निळा रंगच आहे, तो बिघडला तर बाकी काही बघायला नको. पहिला हात छान. दुसऱ्या हाताला ट्रिगर मागे ओढला तो पुढे येईना. सुई अडकून राहिली, रंग चालूच, आणि नाकाच्या डाव्या बाजूला ओघळ. बंद करून उघडलं तर रंग सुईवरून मागे सरकत सरकत ट्रिगरपर्यंत आलेला. आतमध्ये सुई जिथून जाते तिथे एक बारकी काळी रबरी रिंग असते, रंग मागे येऊ नये म्हणून, ती लॅकर थिनरने फुगून सुईला चिकटली होती. साडेतीन महिन्यांत. धुऊन, सुकवून परत घातली, एक दिवस चालली, परत फुगली.

इथून माझी खरी तक्रार सुरू होते आणि मला माहितीये की हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान वस्तूबद्दल मी एवढं लिहितोय, तरी लिहिणार. डब्यावर स्वच्छ छापलंय, ॲक्रिलिक, इनॅमल, लॅकर सगळ्याला चालेल. लॅकर थिनरशिवाय मारताच येत नाही. मग थिनरला न टिकणारी रिंग आत घालायचीच कशाला? टेफ्लॉनची घातली असती तर किंमत किती वाढली असती, पाच रुपये? दहा? कंपनीला मेल केला, उत्तर नाही. मग व्हॉट्सॲप, मग फोन. अकरा दिवस. "सर थिनर वापरलंय म्हणजे वॉरंटीत नाही बसत." मी डब्याचा फोटो पाठवला. "सर नवीन गन घ्या, तुम्हाला ३० टक्के डिस्काउंट देतो." मॅडम, मी गन मागतच नाहीये, एक रिंग मागतोय, पैसे देऊन मागतोय. "सुटे पार्ट नसतात सर."

सुटे पार्ट नसतात! घरात कुकरची रिंग गेली तर आपण कुकर फेकतो का? भांड्यांच्या दुकानात रिंग, शिट्टी, व्हॉल्व्ह, सगळं सुटं टांगलेलं असतं, आई लिटर सांगते आणि दोन मिनिटांत घेऊन येते. ३,४०० ची वस्तू एका रिंगसाठी भंगारात टाकायची ही गोष्ट मला पटत नाही, आणि हे म्हणणाऱ्याला कंजूष म्हणायचं असेल तर म्हणा. त्या फोनवरच्या मुलीवर माझा राग नाही, तिच्या हातात काही नव्हतं. ज्याने पार्ट ठेवायचाच नाही असं ठरवलं त्याच्यावर आहे. त्या आठवड्यात मी एक स्टारवाला रिव्ह्यू लिहायला घेतला होता.

चिंचवडला राहतो त्याचा फायदा इथे झाला. भोसरीला एमआयडीसीत एका शेडमध्ये लेथवर काम करणारे एक काका आहेत, ऑफिसातल्या मित्राने सांगितलं. शनिवारी गन पिशवीत घालून गेलो. त्यांनी फुगलेली रिंग बोटावर घेऊन बघितली.

"थिनरला रबर टाकतंय का कोण? हितं टेफ्लॉन पायजे."

"काका, होईल का एवढं छोटं?"

"न व्हायला काय झालं. सुई आणलीय न्हवं?"

व्हर्नियरने सुई १.२ मिमी भरली. पांढऱ्या टेफ्लॉनच्या रॉडमधून त्यांनी बाहेरचा व्यास रिंगच्या खाचेएवढा उतरवला, दुधावरच्या सायीसारखी पांढरी पापुद्र्याची भेंडोळी खाली पडत होती, आणि भोक मारताना मी म्हटलं थोडं मोठं मारा नाहीतर सुई जाणार नाही. ते म्हणाले, "न्हाय. बरोब्बर सुईचंच मारायचं. टेफ्लॉन ड्रिल काढला की जरासं आवळतं, ते आवळलेलं आपल्या कामाचं." आणि तसंच झालं, सुई जाते पण धरून जाते. तीन नग केले, चाळीस रुपये घेतले. मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला तर पहिला प्रश्न, "फुडं चार, मग वळतात किती?" चारही वळतात म्हटल्यावर त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पुढचं सस्पेन्शन बघितलं. ही गाडी मी इतक्या लोकांना दाखवली, हा प्रश्न त्यांनीच पहिल्यांदा विचारला.

गन त्या दिवसापासून वेगळीच झाली. ट्रिगर सोडला की सुई टक् करून जागेवर. ओघळ घासून काढला, निळ्याचे तीन पातळ हात मारले, संत्र्याच्या सालीसारखं कुठेही काही नाही.

अपडेट म्हणून हे पण लिहिलं पाहिजे, कारण जुलैत मी सेटला ज्या गोष्टीसाठी शिव्या दिल्या ती सेटची चूक नव्हती. डेकल लागली, जपानी अक्षरं अगदी सरळ बसली, आणि एका रविवारी बाहेर पाऊस धो धो चालू असताना मी क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक लॅकर, मारायला घेतला. दोन मिनिटांत गाडी हातातल्या हातात दुधाळ झाली. अख्खा निळा रंग पांढुरक्या धुक्याखाली. मी ठरवून टाकलं की मॉइश्चर ट्रॅप फालतू आहे, पाइपमधून पाणी येतंय. ट्रॅप उघडला तर त्याने पाणी धरलेलं होतं, म्हणजे तो त्याचं काम करत होता. पाणी पाइपमधून आलंच नव्हतं, खोलीतल्या हवेतून आलं होतं. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्या ओल्या कोटवर बसते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं. कुठलाही ट्रॅप लावा, पंचवीस हजारांचा कॉम्प्रेसर आणा, पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून पटकन उडणारा थिनर मारला तर हे होणारच. म्हणून तो स्टार मी परत देतोय.

उपाय पण सांगतो. गाडी डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवून दिली, घासली नाही, हे महत्त्वाचं, कारण खाली डेकल होती. मग थोडा रिटार्डर घातलेला क्लिअर अगदी हलका, लांबून, धुक्यासारखा मारला, तो सावकाश सुकतो त्यामुळे अडकलेला ओलावा निघून जायला वेळ मिळतो. नाकाच्या टोकापासून धुकं विरायला लागलं आणि खालचा निळा वर आला, तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. मात्र शेवटचे जाड हात मी सप्टेंबरच्या शेवटापर्यंत मारलेच नाहीत, ऊन पडेपर्यंत थांबलो. आणि काहीही झालं तरी कार्ट्रिजवाला मास्क लावा, कापडाचा नाही, लॅकरची वाफ साध्या मास्कने अडत नाही. मी आधी दोन महिने कापडाचाच लावून मारत होतो आणि संध्याकाळी डोकं दुखायचं.

आता स्टार. कॉम्प्रेसरला चार, आवाज आणि किंमत बघता याहून जास्त मागणं बरोबर नाही. गनला रबरी रिंगसकट दोन, टेफ्लॉन घातल्यावर साडेचार. सुटे पार्ट न ठेवणाऱ्यांना काहीच नाही. नवीन घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच सुई काढून आत बघावं, रिंग काळी आणि मऊ दिसली तर लॅकर भरायच्या आधी बदलून घ्यावी, आणि जाताना सुई आणि जुनी रिंग दोन्ही बरोबर न्यावीत, माप तोंडी सांगून उपयोग नाही.

माझ्याकडे तीनपैकी दोन नग अजून न वापरलेले आहेत, सुपारीच्या डबीत ठेवलेत. पहिला मे पासून गनमध्येच आहे, कालच सुई काढून बघितली, रंग त्याच्या मागे गेलेला नाही.