डब्यातलं सफरचंद: लिंबू, मीठ, मध की नुसतं रबर?

चिरलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून काय करावं, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: लिंबू पिळा. मीही कितीतरी वर्षं पिळत होते. फोडी पांढऱ्या राहायच्या खऱ्या, पण आंबट लागतात म्हणून मुलगी डबा तसाच परत आणायची. तेव्हापासून प्रत्येक उपायाला मी दोन प्रश्न विचारते. रंग टिकतो का, आणि चव सफरचंदाचीच राहते का?

आधी फळ काळं का पडतं ते बघू, म्हणजे निवड सोपी होते. सुरी फिरली की पेशी फुटतात. आत वेगवेगळी असलेली फिनॉल जातीची द्रव्यं आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) एकत्र येतात, त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. लिंबू इथे दुहेरी काम करतं: आम्लामुळे विकर मंदावतं, आणि त्यातलं क जीवनसत्त्व रंग बनण्याआधीच ती प्रक्रिया मागे फिरवतं. ते जीवनसत्त्व खर्ची पडलं की फोडी हळूहळू तपकिरी होऊ लागतात. लिंबू वापरायचंच असेल तर थेट पिळू नका. पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर रस घालून त्यात फोडी चारपाच मिनिटं बुडवा. आंबटपणा बराच कमी लागतो.

माझा कौल मात्र मिठाच्या पाण्याला आहे. भरल्या वांग्यासाठी वांगी चिरली की आपण डोळे मिटून ती मिठाच्या पाण्यात टाकतो, पण तीच युक्ती सफरचंदाला लावायचं सुचत नाही. मिठातलं क्लोराइड त्या विकराला अडवतं. पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, फोडी १० मिनिटं बुडवायच्या, मग साध्या पाण्यातून काढून निथळायच्या. शेवटचं धुणं विसरलात तर खारट लागेल. धुतलंत तर मीठ घातलं होतं हे खाणाऱ्याला कळतही नाही. स्वस्त, घरात कायम असलेलं, आणि सकाळच्या गडबडीत पोळ्या होईपर्यंत फोडी आपोआप तयार.

मधाचं पाणीही चांगलं काम करतं. पेलाभर पाण्यात दोन मोठे चमचे मध लागतो. चव सगळ्यांत गोड, पण रोजच्या डब्यासाठी एवढा मध पाण्यात ओतणं मला परवडत नाही. सणाला पाहुण्यांसमोर फळांचं ताट ठेवायचं असेल तेव्हा जरूर करा. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध लागलेली फोड देऊ नका, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो.

काहीच लावायचं नसेल तर रबर. सफरचंदाच्या मधल्या गाभ्याभोवती काप द्यायचे, फोडी पुन्हा गाभ्याला जुळवून अख्खं फळ करायचं आणि रबर लावायचं. हवेला शिरायला वाव कमी मिळतो. फोडी घट्ट जुळल्या तर छोट्या सुट्टीपर्यंत ठीक टिकतात, सैल बसल्या तर कडा तपकिरी होतात. साध्या पाण्यात बुडवून ठेवणं हा उपाय मी सोडून दिला. पाण्यात असेपर्यंत रंग राहतो, पण बाहेर काढलं की पुन्हा तेच, आणि गोडवा पाण्यात उतरतो तो वेगळाच.

कस्टर्ड घालून फ्रूट सॅलड करणार असाल तर हिशेब बदलतो. तिथे लिंबू नकोच, दूध फाटायची भीती. सफरचंद मिठाच्या पाण्यातून काढून, धुऊन, नीट कोरडं करून घाला. केळं सगळ्यात शेवटी चिरून थेट थंड कस्टर्डमध्ये सोडा. दाट कस्टर्डखाली त्याला हवा लागत नाही. शिकरणालाही हेच: दूध आधी, केळं नंतर. कच्चा अननस मात्र दुधात टाकू नका, त्यातल्या विकरामुळे दूध कडू होतं. दूध नसलेल्या सॅलडमध्ये अननसाचा किंवा संत्र्याचा रस मला लिंबापेक्षा बरा वाटतो. फोडीही टिकतात आणि चवही जुळते.

यापैकी काहीही निवडा, पण लोखंडी विळी बाजूला ठेवा. लोखंड फळातल्या त्याच द्रव्यांशी मिळून काळपट रंग देतं. धारदार स्टीलची सुरी घ्या. बोथट पात्यानं पेशी जास्त चिरडतात आणि फोड लवकर काळी पडते.

आणि पांढरी फोड म्हणजे ताजी फोड नव्हे. थोडं तपकिरी झालेलं सफरचंद खायला चालतं, पण उन्हात दप्तरात राहिलेली पांढरी फोड आतून खराब झालेली असू शकते. चिरलेलं फळ साधारण दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासभरच. आमची शाळा ७ची आणि छोटी सुट्टी ९ची, म्हणून हिवाळ्यात फोडी देते. मार्च उजाडला की डब्यात अख्खं केळं.